प्रतिसाद: लहान कंपनी तेल कसं शोधते
वर विचारलंय की लहान कंपन्या नुसत्या अंदाजाने विहिरी खणतात का, आणि मग पुण्याजवळ कोणीच का खणत नाही. मी काही वर्षं राजस्थानात रिगवर (विहीर खणायच्या यंत्रावर) मडलॉगिंग केलंय, म्हणजे खणताना वर येणारा चिखल आणि दगडाचा चुरा तपासायचं काम, म्हणून लिहितो.

नुसता अंदाज नाही हो. सरकारकडून ब्लॉक (तेल शोधायला दिलेला ठरावीक भाग) मिळाला की आधी जुना डेटा चाळायचा, मग सिस्मिक. म्हणजे जमीन हादरवायची आणि खालच्या थरांवरून परतणाऱ्या लहरी जिओफोनने, म्हणजे कंपनं नोंदवणाऱ्या यंत्राने, टिपायच्या. त्यातून थरांचा आकार कळतो. आत तेल आहे की पाणी, ते विहीर खणल्यावरच पक्कं होतं. कोरडी निघाली तर सगळा पैसा बुडतो, म्हणून लहान कंपन्या बहुतेकदा भागीदार घेतात. पण चिकाटी लागतेच. बाडमेरचं मंगला तेलक्षेत्र केर्न या कंपनीला जानेवारी २००४ मध्ये सापडलं; त्याआधी तिथून शेल ही तेलकंपनी बाहेर पडली होती.

रिगवर शेकरवरचा (विहिरीतून येणारा चिखल गाळणाऱ्या हलत्या चाळणीवरचा) दगडाचा चुरा धुऊन अतिनील दिव्याखाली धरायचा. तेल असेल तर कण पिवळसर चमकतात. पहाटे तीन वाजता ती चमक दिसली की झोप कुठल्या कुठे पळते!

आता पुणे. सिंहगडाचा काळा कातळ म्हणजे बेसाल्ट, आणि तेल तयार व्हायला गाळाचे खडक लागतात. कोयनेला खोल विवर घेतलं तेव्हा सुमारे ९३० मीटर बेसाल्टखाली थेट ग्रॅनाइट लागला, मध्ये गाळाचा थर नाहीच. मी कंपनीत असतो तर इथे एक पैसाही लावला नसता.