कॅज्युअल, कॅज्युअल्टी आणि आपलं 'पडणं'

भाचीच्या नव्या ऑफिसात शुक्रवारी कॅज्युअल कपडे चालतात. परवा तिनं विचारलं, "मामा, कॅज्युअल म्हणजे मोकळंढाकळं ना? मग हॉस्पिटलात कॅज्युअल्टी कशी? तिथं तर सगळ्यांची धावपळ!"

मूळ लॅटिन 'कादेरे', म्हणजे पडणे. त्यावरून 'कासुस': पडणं, आणि मग ध्यानीमनी नसताना अंगावर येऊन पडलेली गोष्ट. फ्रेंचमार्गे इंग्रजीत कॅज्युअल शिरला तो 'योगायोगाने घडणारा' याच अर्थाने. चान्स, अ‍ॅक्सिडेंट, ओकेजन ही सगळी त्याच घरातली भावंडं. कॅज्युअल्टीसुद्धा आधी नुसता योगायोग, मग वाईट योगायोग, मग लढाईतले मेलेले-जखमी, आणि त्यावरून अपघातातल्या जखमींना नेतात तो हॉस्पिटलातला विभाग.

आपल्याला यात नवल वाटायला नको. मराठीतही न ठरवता होतं ते 'पडतं'च. गाठ पडते, प्रश्न पडतो, स्वप्न पडतं, प्रसंग पडतो. सोंगट्यांच्या डावात दानही पडतं!

न ठरवलेलं म्हणून अधूनमधूनचं, तात्पुरतं, हा पुढचा अर्थ. १९ व्या शतकात इंग्लंडच्या वर्कहाउसमध्ये (गोरगरिबांना काम करवून आसरा देणाऱ्या जागेत) भटक्यांना रात्रीपुरतं ठेवायचे, त्या जागेला कॅज्युअल वॉर्ड म्हणत. बेफिकीर माणूस आणि साधे कपडे हे अर्थ त्यामानाने कालचे.

कॅज्युअल लीव्हला 'नैमित्तिक रजा' म्हणणाऱ्याला मी मनापासून दाद देतो. संध्या नित्य, ग्रहणाचं स्नान नैमित्तिक. निमित्त पडलं तरच करायचं. (गंमत म्हणजे केंद्र सरकारच्या नियमांत ही रजा रजाच धरत नाहीत. माणूस घरी असला तरी कामावर गैरहजर समजत नाहीत.)

'अनौपचारिक' मात्र मला फार तोकडा वाटतो. गप्पांना, बैठकीला ठीक. पण "त्यानं परीक्षा कॅज्युअली घेतली" इथं 'अनौपचारिकपणे' लावून बघा! तिथं सरळ 'परीक्षा मनावर घेतली नाही' म्हणावं.

भाचीचं मत 'सहज'ला. शब्द गोड आहे, पण व्युत्पत्तीनं अगदी उलटा: सह-ज, जन्माबरोबरच आलेला. कॅज्युअल बाहेरून येऊन पडलेला, सहज आतून आलेला. तरी कुणाच्या दारात उभं राहून "काही काम नाही, सहज आलो होतो" म्हणताना दोघे बरोबर एकाच उंबऱ्यावर भेटतात.