शेवाळाचं पेट्रोल म्हणे!

तर्रीपोहा: काल आपल्या ग्रुपवर एकानं टाकलं, "समुद्रात शेवाळ लावा, त्याचं इथेनॉल काढा, अरबांचं तेल बंद." खाली अंगठेच अंगठे. अरे भाऊ, ओलं शेवाळ म्हणजे 85-90 टक्के पाणी, दहा किलो वाळवलं तर हातात किलो-दीड किलो. आणि आतली साखर म्हणजे उसाचा रस नाही, अल्जिनेट, कॅराजीनन असला चिकट माल, साधं यीस्ट तोंड लावत नाही त्याले. 2012 मध्ये अमेरिकेत ई. कोलाय नावाच्या जिवाणूची जनुकं बदलून अल्जिनेटचं इथेनॉल काढून दाखवलं, पंपावर आलं का? 1973 च्या तेलसंकटानंतर कॅलिफोर्नियासमोर समुद्रात केल्प, म्हणजे मोठ्ठं तपकिरी शेवाळ, लावून गॅस काढायचा घाट घातला होता, लाटांनी केल्पच तोडून नेलं. आपल्या तामिळनाडूत मंडपमकडे बाया बांबूच्या तराफ्याला कप्पाफायकस नावाचं लाल शेवाळ बांधतात, 45 दिवसांत कापणी, ते आइस्क्रीम-टूथपेस्टच्या कॅराजीननला जाते. चार पैसे देणारा माल जाळायचा काहून?

संत्राबर्फी: तुमचं नेहमीचंच, आधी नाही म्हणायचं मग कारणं शोधायची. शेवाळाले जमीन नको, गोडं पाणी नको, युरिया नको. आज आपण ऊस, मका, तांदूळ टाकीत ओतून राहिलो, ते चालते?

बर्डीकर: इथेनॉलचं नाव काढू नका. माझी स्कूटर 2014 ची, लिटरले 48 किलोमीटर देत होती, इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर आता 41. कार्बोरेटर दोनदा साफ केला, पेट्रोलचा पाइप पिळल्यावर भेगा दिसतात. मिस्त्री म्हणे "नवीन गाडी घ्या." पैसे तू देतो का बे?

संत्राबर्फी: नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालात 20 टक्के इथेनॉलवर जुन्या दुचाकीले मायलेजमध्ये 3-4 टक्के घट आहे, चारचाकीले 6-7. तुमची जवळपास 15 होते. एअर फिल्टर पहा.

बर्डीकर: अहवाल काय माझ्या गाडीवर डबलसीट बसून लिहिला का?? वर्धा रोडच्या उन्हात सिग्नलवर बंद पडली तेव्हा तुमचा आयोग धक्का माराले आला नव्हता.

गोरेवाडा_गप्प: इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा तिसरा हिस्सा ऊर्जा कमी असते आणि ते पाणी ओढते. एवढं तरी मान्य करा राव. बाकी आपल्या नागपूरच्या अंबाझरी तलावातल्या जलपर्णीचं काही होते का?

तर्रीपोहा: जलपर्णी वेगळी, शेवाळ वेगळं. धागा भरकटवू नका.

बर्डीकर: धागा आता माझ्या स्कूटरचाच आहे.

काटोलवाला: हसा. माझ्या मामानं रतनज्योत लावली होती, तोच तो जट्रोफा. 2003 पासून बायोडिझेलची हवा, 20 टक्के मिसळणार म्हणे. मामानं बांधावर आणि दीड एकर पडीत लावली, म्हणे पाणी लागत नाही, बकरी खात नाही. बकरीनं नाही खाल्ली, खरं आहे. पण बियाले घेणारा भेटला नाही. पोतं कित्येक वर्षं माडीवर होतं, विषारी म्हणून उंदरानंही तोंड लावलं नाही. म्हणून "काहीच लागत नाही" असं कोणी म्हटलं की माझ्या पोटात गोळा येते.

संत्राबर्फी: मामाचं वाईट वाटलं, पण मामा म्हणजे काही पुरावा नाही.

काटोलवाला: तुम्ही दीड एकर उपटून पहा, मग पुरावा मागा.

तर्रीपोहा: बरं, जमीन-पाण्याचा मुद्दा तुमचा, घ्या, हार आणू का? पण हेच कप्पाफायकस मन्नारच्या आखातात कुरुसडै बेटाजवळ प्रवाळावर पसरलं, तेही धरा हिशेबात. भावनगरच्या मीठ संशोधन संस्थेनं रस पिळून पिकावर फवारायचं तंत्र काढलं, चोथ्यातून कॅराजीनन. आपल्या सोयाबीनले तो रस चालेल, टाकीत काय ओतता.

संत्राबर्फी: म्हणजे शेवाळ चांगलंच, फक्त मी म्हटलं म्हणून वाईट. आणि रस, कॅराजीनन काढून शेवटी उरते त्याचं इथेनॉल काढलं तर?

तर्रीपोहा: उरलेल्याचं काढा. आधी उरू तर द्या.

बर्डीकर: ते राहू द्या, तो पाइप ओरिजिनल कुठं भेटेल? बर्डीवर डुप्लिकेटच देऊन राहिले.