एडीएचडी: गोळी आधी, की घर आणि वर्ग आधी?

रामबागकर (धागा सुरू)

माझं म्हणणं सरळ आहे. सहा-सात वर्षांच्या मुलाला एडीएचडीचं (लक्ष न टिकणं, अति चंचलपणा) पक्कं निदान झालं तरी लगेच गोळी नको. आधी आठ ते बारा आठवडे आईवडिलांनी वागणूक-प्रशिक्षण घ्यावं, वर्गात बदल करून घ्यावेत, मग ठरवावं. आपल्या इंदुरात उलट होतं. डायरीत "बसत नाही, कॉपी (वही) पूर्ण करत नाही" असं तीनदा आलं की घरचे हबकतात आणि थेट गोळीपाशी येऊन थांबतात.

प्रशिक्षण म्हणजे "जरा प्रेमानं घ्या" नव्हे. स्वयंपाकघरातून हाका मारायच्या नाहीत. हातभर अंतरावर जायचं, नाव घ्यायचं, नजर मिळाली की एकच काम सांगायचं: "बूट रॅकमध्ये ठेव." "सगळं आवर" यात सात कामं दडलेली असतात आणि हे मूल दुसऱ्या कामापाशीच हरवून जातं. काम झालं की तिथल्या तिथे दाद द्यायची, तीही नेमकी: "पहिल्या हाकेला उठलास." भिंतीवरच्या तक्त्यावर तीनच गोष्टी, जमली की चौकोनात चांदणी, आणि त्यातली एक त्याला आत्ताही बहुतेक वेळा जमणारी. पहिल्याच दिवशी रिकामे चौकोन दिसले तर तो तक्त्याकडे परत बघणार नाही. बक्षीस त्याच संध्याकाळी. "वार्षिक परीक्षेनंतर सायकल" हे या मुलांसाठी बक्षीसच नाही, कारण लांबच्या फळाची किंमत त्यांच्या मेंदूत फार लवकर घसरते.

तक्ता साधारण तिसऱ्या आठवड्यात कोसळतो. बक्षीस शिळं होतं, ते बदलत राहावं लागतं. शिवाय आजी चांदण्यांशिवायच मोबाइल देतात, मग चांदण्या कोण मिळवणार? तिसरी अडचण पालकांना कोणी सांगत नाही: किंचाळण्याकडे दुर्लक्ष सुरू केलं की ते आधी वाढतं, मग कमी होतं. वाढलेल्या दिवशी घरचे माघार घेतात आणि मुलाला धडा मिळतो, की अजून जोरात ओरडायला हवं होतं.

बालरोगवाला

हरकत आहे. आधी फक्त प्रशिक्षण, हा नियम सहाच्या आतल्या मुलांसाठी. अमेरिकेच्या बालरोग अकादमीची २०१९ची मार्गदर्शिका सहा वर्षांपासून पुढे औषध आणि प्रशिक्षण बरोबरीनं सांगते. १९९९ साली आलेल्या एमटीए या एडीएचडी-उपचारांची तुलना करणाऱ्या अभ्यासात ५७९ मुलं होती, वय सात ते साडेनऊ-दहा, उपचार चौदा महिने. एकाग्रता आणि चंचलता या मूळ लक्षणांवर नीट मात्रा ठरवून दिलेलं औषध नुसत्या वागणूक-उपचारापेक्षा सरस ठरलं. तुम्ही बारा आठवडे म्हणता, पण त्या बारा आठवड्यांत पोरगं रोज शिव्या खातं, मित्र गमावतं, "आपण ढ आहोत" हे पक्कं करतं. त्याचा हिशेब कुठल्याच तक्त्यावर दिसत नाही.

भिया_इंदौरी

दोघंही मूळ सोडून बोलताय. सकाळी पोहे-जिलबी, दुपारी मैदा, रात्री रबडी. साखर बंद करून बघा, महिन्यात मूल गार.

बालरोगवाला

भिया, जिलबीवर आळ घेऊ नका. साखर की साखरेसारखं गोड दुसरं काही, हे मुलांना आणि पालकांना न सांगता केलेल्या चाचण्यांचा एकत्रित आढावा १९९५ सालीच आला. वागण्यात फरक दिसला नाही. जिलबी दातांसाठी आणि वजनासाठी कमी करा, ते वेगळं. सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, रात्री अकराला ती खायला नेलेलं मूल सकाळी सातच्या बसला बसतं, भानगड तिथे आहे. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास झोप लागते, आणि झोप कमी पडलेलं मूल पेंगत नाही, सैरभैर होतं. निदानाआधी म्हणूनच झोप विचारायची. घोरतं का, तोंड उघडं ठेवून झोपतं का, म्हणजे ॲडिनॉइड (नाकामागच्या गाठी) बघायचे. कान-डोळे तपासायचे, हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) बघायचं. आणि हाक मारूनही काही सेकंद कोऱ्या नजरेनं पाहत राहत असेल तर फिटचा एक प्रकार वगळायचा.

चौथीच्या बाई

वर्गाबद्दल बोलताना वर्ग डोळ्यांसमोर ठेवा. पंचेचाळीस मुलं आणि पस्तीस मिनिटांचा तास. दर दहा मिनिटांनी खूण करणारी बाई कागदावरच असते. जमतं ते एवढं: छोटं कार्ड, तीन तास, तीन चौकोन ("जागेवर होता", "कॉपी उघडली", "हात वर करून बोलला"), तास संपताना दहा सेकंदांत टिक. बक्षीस घरी द्या, शाळेत नको, नाहीतर उरलेली चव्वेचाळीस रांगेत उभी राहतात.

बाक पहिला, पण दाराजवळचा किंवा खिडकीजवळचा नको. गणिताचं पान दुमडून एका वेळी चारच उदाहरणं दिसतील असं करा. फळ्यावरचं अर्धंच उतरवू द्या, उरलेल्याची छापील प्रत द्या. वह्या वाटायचं काम त्याला द्या, म्हणजे हक्कानं उठता येईल. मधली सुट्टी आणि खेळाचा तास शिक्षा म्हणून कापणं सगळ्यात वाईट, कारण पुढचे दोन तास त्याची वसुली होते.

एक विनंती डॉक्टरांना. व्हँडरबिल्टसारखे, शिक्षकांनी मुलाची लक्षणं भरून द्यायचे फॉर्म एप्रिलमध्ये पाठवू नका. सत्र नुकतंच सुरू झालेलं असतं, बाईंना मुलाचं नाव जेमतेम पाठ झालेलं असतं. आणि फॉर्म वाचताना जन्मतारीख बघा. वर्गात वयानं सगळ्यात लहान असलेल्या मुलांवर हा शिक्का जास्त बसतो, हे अनेक देशांत दिसलंय. अकरा महिन्यांनी लहान मूल चुळबुळ करणारच.

रामबागकर

बाईंचं पटलं. डॉक्टरसाहेब, अमेरिकेचं सांगितलंत, ब्रिटनचं सोडलंत. तिथल्या नाइस या आरोग्य-मार्गदर्शक संस्थेची २०१८ची मार्गदर्शिका पाचच्या पुढच्या मुलांतही म्हणते, की आधी परिसरात बदल करा आणि तरीही घर, शाळा किंवा मैत्रीत ठळक अडचण उरली तर औषध. एमटीएचंही अर्धंच सांगितलंत. औषध आणि प्रशिक्षण एकत्र मिळालेल्या गटाला गोळीची मात्रा कमी पुरली. आणि तीन वर्षांच्या टप्प्यावर गटागटांतला फरक उरला नव्हता.

बालरोगवाला

चौदा महिन्यांनंतर अभ्यासातला उपचार थांबला, ज्यानं त्यानं हवं ते केलं, मग फरक कसा टिकेल? गोळी पोटात असते तोवरच काम करते, असा दावा मी कधी नाकारलाय?

खरी गडबड गोळी कशी दिली जाते त्यात आहे. साधी मिथाइलफेनिडेट (एडीएचडीची नेहमीची गोळी) बहुधा ५ मिलिग्रॅमपासून सुरू होते आणि आठवड्या-आठवड्यानं, डॉक्टरच्या सांगण्यावरूनच, वाढते. असर चारेक तास. भूक मारते, म्हणून डबा तसाच परत येतो आणि आई डब्यावरून भांडते. नाश्ता गोळीच्या आधी द्या, पण नुसते पोहे नकोत. मूठभर शेंगदाणे, अंडं किंवा पनीर हवं, कारण पुढचा भरपेट घास संध्याकाळी सातलाच जाणार. दुपारी चारनंतर गोळी घेतली तर झोप उडते. उंची, वजन, नाडी, रक्तदाब नोंदवत राहायचं. सुरू करण्याआधी घरात कोणी तरुण वयात अचानक गेलंय का, मूल धावताना कधी बेशुद्ध पडलंय का, हे विचारलं नसेल तर दुसरा डॉक्टर गाठा.

असर उतरताना मूल चिडतं, रडतं, आणि नेमकी ट्यूशनची तीच वेळ असते. पालक म्हणतात गोळीनं बिघडलं. आधी खाणं, अर्धा तास धावाधाव, मग अभ्यास, तोही पंधरा मिनिटांच्या तुकड्यांत. हे औषध शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणातल्या औषधांच्या यादीत आहे. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक दुकानदार दोन वर्षं ठेवतो, त्यामुळे गल्लीतल्या मेडिकलवर मिळत नाही. संपायच्या आठवडाभर आधी सोय करा. ॲटोमॉक्सेटिन हे दुसरं औषध वेगळ्या जातीचं. त्याला पूर्ण असर दाखवायला चार-सहा आठवडे लागतात आणि लोक दुसऱ्याच आठवड्यात बंद करतात.

विशेष शिक्षिका, सुदामा नगर

दोघांनाही टोचेल असं सांगते. गोळी जोडाक्षरं शिकवत नाही, चांदण्याही शिकवत नाहीत. यातल्या बऱ्याच मुलांना वाचन-लेखनाची अक्षमता जोडीला असते. लक्ष सुधारलं तरी मूल पान वाचत नाही, मग घरचे "गोळी फुकट गेली" म्हणतात. तिसरीत वाचन अडखळत असेल तर तीही तपासणी करून घ्या. त्याला कायदेशीर बाजूही आहे: २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ हवा असेल तर नुसत्या एडीएचडीच्या चिठ्ठीवर विसंबू नका.

बालरोगवाला

मान्य. रामबागकर, आता तुम्ही सांगा, थांबायचं ते कधीपर्यंत? "बघू" ही तारीख नव्हे.

रामबागकर

आठव्या आठवड्याच्या शेवटी. कार्डावरचे निम्मे चौकोनही भरत नसतील तर गोळीला माझी आडकाठी नाही. मूल रस्त्यावर वाहनापुढे धावत असेल किंवा शाळा नाव काढण्याची भाषा करत असेल तर आठ आठवडेही थांबणार नाही.

बालरोगवाला

आणि आईवडील दोघंही रात्री आठला घरी येत असतील तर? तक्ता कोण चालवणार? तशा घरात मी पहिल्या दिवशीच गोळीबद्दल बोलेन.

रामबागकर

आजी चालवतील. त्यांनाच प्रशिक्षणाला बसवा.

चौथीच्या बाई

कोणीही चालवा, पण सुरुवात जुलैच्या पहिल्या आठवड्यात करा. सप्टेंबर उजाडला की गणपती, नवरात्र, स्नेहसंमेलनाच्या तालमी आणि मग दिवाळीची सुट्टी. सलग आठ आठवडे नीट तास भरतच नाहीत, आणि तालमीच्या दिवसांतले कोरे चौकोन मुलाच्या नावावर लागतात.