रिफ्यूज एरियाला ग्रिल आणि कुलूप?

आठव्या मजल्यावरच्या रिफ्यूज एरियाला (आग लागल्यावर रहिवाशांनी सुटका होईपर्यंत थांबायची राखीव जागा) ग्रिल लावून रात्री कुलूप घालायचा ठराव सोसायटीत येतोय, चालेल का, असा प्रश्न आहे. नाही चालणार. ती जागा बाहेरच्या बाजूने उघडी असते ती दोन कारणांसाठी: धूर साचू नये आणि अग्निशमन दलाची शिडी तिथे टेकता यावी. ग्रिलने शिडीची वाट बंद होते. काचा लावल्या तर धूरही कोंडतो. कठडा मात्र हवाच. मुंबईत पहिली रिफ्यूज २४ मीटरच्या वर आणि पुढे दर सातव्या मजल्यावर असते, म्हणजे कुलूप लावलंत तर वरच्या सहा मजल्यांचीही सोय गेली. (जुन्या सायकली आणि गणपतीचं मखर तिथूनही हलवा.)

जिन्याचं फायर डोअर (आग-धूर अडवणारं दार) आपोआप मिटलं पाहिजे. वाऱ्यासाठी विटेचा अटकाव लावला की जिना म्हणजे धुराडं.

ग्रिलपेक्षा आग विझवायच्या पाण्याच्या पंपरूमकडे बघा. पॅनलचा स्विच बहुतेक ठिकाणी ‘मॅन्युअल’वर सापडतो, कारण गळतीमुळे जॉकी पंप (पाइपातला दाब टिकवणारा छोटा पंप) सारखा चालू-बंद होतो आणि कोणीतरी वैतागून स्विच फिरवतो. गळती काढा, स्विच ‘ऑटो’वर ठेवा. मग सगळ्यात वरच्या मजल्याचा हायड्रंट (आग विझवायच्या पाण्याचा नळ) उघडा: पाइपातला दाब कमी होताच आधी जॉकी, मग मुख्य पंप सुरू व्हायला हवा. डिझेल पंप असेल तर त्याची बॅटरीही तपासा.

महाराष्ट्रात २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे परवानाधारक एजन्सीचं ‘फॉर्म बी’ (यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र) जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं. सही होण्याआधी ही चाचणी समोर उभं राहून करून घ्या.