प्रोपोलिसचा चिकट अर्क गोळा करण्यासाठी नॉन-स्टिक पिशव्या वापराव्यात का?

प्रश्न : मधुकोश

मी मधमाश्या पाळतो. पेटीतील चौकटी साफ करताना खरवडून निघणारा प्रोपोलिस, म्हणजे मधमाश्या झाडांच्या राळेपासून बनवतात तो चिकट पदार्थ, साठवून ठेवतो, आणि पुरेसा जमला की तो खाण्यायोग्य दर्जाच्या अल्कोहोलमध्ये भिजवून, थंड करून गोठून वेगळे होणारे मेण गाळून टाकतो व उरलेल्या द्रवाचा घट्ट अर्क करतो. इथपर्यंत सारे सुरळीत होते. अल्कोहोल उडून गेल्यावर तळाशी जो गडद तपकिरी, तारा सुटणारा लगदा उरतो, तो भांड्यातून बाहेर काढणे हेच खरे जिकिरीचे काम आहे. सुरीने खरवडावा तर निम्मा सुरीलाच चिकटतो, आणि साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ओतला तर पिशवीच्या कोपऱ्यांत जाऊन बसतो व तिथून पुन्हा निघत नाही.

अलीकडे ‘नॉन-स्टिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पातळ पिशव्या आणि चौकोनी कागद पाहण्यात आले. त्यांच्याविषयी जी माहिती सापडते ती जवळजवळ सगळी गांजाचे तेल घरी काढणाऱ्यांनी लिहिलेली आहे. माझा त्या पदार्थाशी संबंध नाही, पण चिकटपणाची अडचण मात्र तीच दिसते. अर्क अजून थोडा ओला असतानाच अशा पिशवीत ओतून तिथेच वाळवला तर चालेल का? पिशवीतले काही त्यात उतरते का? सिलिकोन, टेफ्लॉन आणि भट्टीत वापरतात तो कागद (बेकिंग पेपर), यांपैकी काय निवडावे? हा अर्क पुढे पोटात जाणार आहे, म्हणून विचारपूर्वक उत्तर हवे आहे.

उत्तर १ : राळ-अभ्यासक

ओला अर्क पिशवीत ओतून तिथेच वाळवावा का, या आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असे आहे, आणि त्यामागचे कारण समजले की बाकीचे निर्णय आपोआप सोपे होतात.

एखादा द्रव पृष्ठभागावर पसरणार की थेंब होऊन राहणार, हे त्या द्रवाचा पृष्ठताण आणि पृष्ठभागाची पृष्ठऊर्जा (द्रवाला धरून ठेवण्याची ओढ) यांच्या तुलनेवर ठरते; पृष्ठताण बराच जास्त असला की थेंब होतो, दोन्ही जवळपास असले की द्रव पसरतो. टेफ्लॉन, म्हणजे पीटीएफई, याची पृष्ठऊर्जा मीटरला सुमारे १८ ते २० मिलिन्यूटन इतकी कमी असते; सिलिकोनची त्याहून किंचित जास्त, आणि साध्या पॉलिथिनची सुमारे ३१. पाण्याचा पृष्ठताण सुमारे ७२ असल्याने पाणी या सर्वांवरून घरंगळते, आणि दुकानातली प्रात्यक्षिके नेमकी पाण्यानेच दाखवली जातात. शुद्ध अल्कोहोलचा पृष्ठताण मात्र अवघा २२ च्या आसपास आहे. त्यामुळे अल्कोहोलमिश्रित अर्क टेफ्लॉनवरसुद्धा बऱ्यापैकी पसरतो, पिशवीच्या शिवणीत आणि घडीत शिरतो, आणि मग तिथेच वाळतो. पिशवी नॉन-स्टिक असूनही अर्क कोपऱ्यांत अडकल्याची तक्रार लोक करतात, तिचे मूळ बहुतेक वेळा या ओल्या ओतण्यात असते.

म्हणून वाळवणे काचेतच करावे. उथळ, सपाट बुडाची काचेची बशी घ्यावी, अर्काचा थर पातळ ठेवावा आणि बशी गरम पाण्याच्या भांड्यावर ठेवावी. लगदा घट्ट होऊन अल्कोहोलचा वास पूर्ण गेला, की तो कोमट असतानाच नॉन-स्टिक कागदावर उलटावा. पिशवीची भूमिका इथून पुढे सुरू होते.

पुढची पायरी थंडीची. प्रोपोलिस साधारण १५ अंश सेल्सिअसच्या खाली कडक आणि ठिसूळ होतो, २५ ते ४५ च्या दरम्यान मऊ व लवचिक असतो, त्याहून वर चिकट होतो आणि ६० ते ७० अंशांच्या आसपास बहुतेक नमुने वितळतात. अर्क कागदात गुंडाळून, हवाबंद डब्यात घालून शीतकपाटाच्या बर्फकप्प्यात काही वेळ ठेवला, की कागद नुसता वाकवताच तो काचेसारखा तडकतो आणि त्याच्या खपल्या सुट्या होतात. त्या वेळी खपलीची खालची बाजू पाहावी. कागदाशी टेकलेला तो भाग गुळगुळीत आणि चकचकीत असेल तर वाळवण नीट झाली आहे. तिथे बारीक बुडबुडे किंवा मळकट, ओलसर पट्टा दिसला, तर आत अल्कोहोल किंवा पाणी शिल्लक आहे असे समजून तो तुकडा पुन्हा काचेवर घ्यावा.

डबा बाहेर काढल्याबरोबर उघडू नये, हेही लक्षात असू द्यावे. आतला माल खोलीच्या तापमानाच्या जवळ येऊ न देता झाकण काढले, तर हवेतील बाष्प थंड खपल्यांवर जमते आणि केलेली सारी वाळवण वाया जाते. खपल्या आधी थंड असतानाच सुट्या करून बाटलीत भरायच्या असतील, तर हात चटकन चालवावा आणि बाटलीचे झाकण लगेच लावावे.

उत्तर २ : पारख

कोणता पदार्थ निवडावा, याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण ‘नॉन-स्टिक’ या एका नावाखाली निरनिराळ्या वस्तू विकल्या जातात.

पीटीएफई हा रसायनांच्या दृष्टीने अत्यंत उदासीन पदार्थ आहे. १९३८ साली रॉय प्लंकेट यांना तो प्रयोगशाळेत योगायोगाने सापडला. नेहमीच्या वापरातील अल्कोहोल, तेले किंवा राळ यांचा त्याच्यावर परिणाम होत नाही, आणि २६० अंशांपर्यंतचे तापमान तो सहन करतो. आपल्या कामात ६० अंशांच्या पुढे जायचेच नसल्याने उष्णतेने तो विघटित होण्याची चिंता करू नये. मात्र शुद्ध पीटीएफई सहजासहजी उष्णतेने चिकटवता येत नाही, म्हणून ज्या पारदर्शक पिशव्यांच्या कडा व्यवस्थित वितळवून जोडलेल्या दिसतात, त्या बहुधा एफईपी या त्याच्याच भावंडाच्या असतात. एफईपी सुमारे २०० अंशांपर्यंत वापरता येते आणि आपल्या कामाला ते तितकेच चांगले आहे.

सावधगिरी बाळगायची ती तपकिरी रंगाच्या, कापडासारखी वीण दिसणाऱ्या कागदांबाबत. ते काचतंतूंच्या कापडावर पीटीएफईचा लेप देऊन बनवलेले असतात. अखंड असताना ते निर्धोक असतात. पण आपल्या मापात कापले, की कापलेल्या कडेतून काचेचे अतिसूक्ष्म तंतू सुटू लागतात. बोट फिरवल्यास टोचल्यासारखे जाणवते आणि उजेडात धरले तर कडेवर चमकणारी लव दिसते. पोटात जाणाऱ्या वस्तूसाठी असा कापलेला तुकडा मी कधीही वापरणार नाही. कडा कारखान्यातच बंद केलेला कागद घ्यावा, किंवा काचतंतू नसलेला निखळ पीटीएफईचा पातळ पत्रा घ्यावा.

सिलिकोनची गोष्ट वेगळी आहे. ते मऊ असते, स्वस्त असते, घडी घालता येते, आणि म्हणून छोट्या डब्या त्याच्याच मिळतात. पण ते वायू आणि सुगंधी द्रव्ये सहज शोषून घेते व आरपार जाऊ देते. प्रोपोलिसमध्ये सुमारे दहावा भाग उडनशील सुगंधी तेलांचा असतो. तो काही दिवसांत सिलिकोनच्या भिंतीत मुरतो, अर्काचा वास फिका पडतो आणि डबी मात्र धुऊनही दरवळत राहते. हलक्या प्रतीच्या सिलिकोनमधून लहान साखळीचे सिलोक्झेन, म्हणजे सिलिकोनचेच सुटे छोटे रेणू, स्निग्ध पदार्थांत उतरतात, ही दुसरी अडचण. तासाभराच्या हाताळणीसाठी सिलिकोन चालेल, साठवणीसाठी नव्हे.

कागदाच्या बाबतीत सिलिकोनचा लेप असलेला भट्टीचा कागद एकदा वापरून टाकून द्यायला उत्तम आहे. मेणकागद अजिबात नको, कारण त्याचे पॅराफिन साधारण ४६ ते ६८ अंशांत वितळते. आपण अर्कातून कष्टाने काढलेल्या मेणाच्या जागी दुसरे मेण त्यात जाईल. नुसता तेल न झिरपणारा, लेप नसलेला कागदही टाळावा, त्याचे तंतू राळेला चिकटून येतात.

विक्रेत्याच्या शब्दावर विसंबायचे नसेल, तर एक साधी चाचणी आहे. पिशवीचा छोटा तुकडा आपण वापरता त्याच अल्कोहोलमध्ये झाकणबंद काचेच्या बाटलीत दिवसभर ठेवावा, मग तुकडा काढून ते अल्कोहोल स्वच्छ काचेवर उडू द्यावे. शेजारी दुसऱ्या काचेवर तितकेच कोरे अल्कोहोल उडू द्यावे. पहिल्या काचेवर तेलकट किंवा धुरकट पापुद्रा राहिला आणि दुसरीवर राहिला नाही, तर ती पिशवी परत करावी.

मधुकोश

दोघांचेही मनापासून आभार. पृष्ठताणाचा मुद्दा मला अगदीच नवा होता. आणखी एक विचारतो : ठिसूळ खपल्या पीटीएफईच्या पिशवीत टाकताना त्या पिशवीच्या भिंतींना उडून चिकटतात आणि झटकल्यावरही सुटत नाहीत. ही पिशवी खोटी समजावी का?

उत्तर ३ : दक्षता

पिशवी खोटी नाही. ती स्थिर विजेची करामत आहे. घर्षणाने ऋणभार धरून ठेवण्यात पीटीएफई जवळजवळ सर्व पदार्थांच्या पुढे आहे, आणि थंड, कोरड्या हवेत हा भार लवकर जात नाही. पिशवी चोळू नये, झटकू नये. थोडा वेळ तशीच पडू द्यावी किंवा पिशवीऐवजी सपाट कागदावर काम करून खपल्या काचेच्या बाटलीत लोटाव्यात.

मला या निमित्ताने जे सांगावेसे वाटते ते अधिक गंभीर आहे. ज्या पिशवीवर ठिणगी पडण्याइतका भार साठू शकतो, त्या पिशवीजवळ अल्कोहोलची वाफ असता कामा नये. सत्तर टक्क्यांचे अल्कोहोलसुद्धा साधारण १७ अंशांपासून पेट घेण्याजोगी वाफ सोडते, म्हणजे खोलीच्या तापमानाला ते कायमच त्या स्थितीत असते. हवेत तिचे प्रमाण सुमारे ३.३ टक्के झाले की ती पेटू शकते. ती हवेपेक्षा जड असल्याने ओट्यावरून खाली उतरून जमिनीलगत सरकते आणि दूरच्या शेगडीपर्यंत पोहोचते. तेव्हा पाणी दुसऱ्या खोलीत तापवून आणावे, बशीखाली ज्योत किंवा तापलेली तार कधीही ठेवू नये, दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात. ओल्या अर्काची उघडी बशी घरगुती शीतकपाटात ठेवणे हेही तितकेच धोक्याचे आहे, कारण त्यातील तापमान-नियंत्रकात ठिणगी पडू शकते आणि बंद कपाटात वाफ कोंडलेली असते. मेण गोठवण्यासाठी आपण द्रव थंड करता, तो घट्ट झाकणाच्या बाटलीतच ठेवत असाल असे गृहीत धरते.

आपण गांजाच्या तेलाविषयीचे लेख वाचल्याचे लिहिले आहे, म्हणून विनंती करते की पिशव्यांची माहिती घेता घेता त्यांतील अर्क काढण्याच्या रीती उचलू नका. त्या पदार्थाला अनेक देशांत कायद्याने बंदी आहे हा एक भाग झाला. पण त्या लेखांत सर्रास सांगितला जाणारा ब्यूटेन वायू शून्याच्या जरासे खालीच उकळतो, हवेच्या दुप्पट जड असतो आणि हवेत दोन टक्क्यांहून कमी असतानाही भडकतो. घरात त्याचा वापर करताना स्फोट होऊन माणसे भयंकर भाजल्याच्या घटना अनेक ठिकाणी घडल्या आहेत. प्रोपोलिससाठी त्याची काडीइतकीही गरज नाही. तसेच रंगकामाचे किंवा जळाऊ स्पिरिट स्वस्त पडते म्हणून वापरण्याचा मोह कुणाला झाला, तर त्यात मिसळलेले मिथेनॉल आणि कडवट द्रव्ये लक्षात घ्यावीत; द्रावक उडाले तरी त्या कडवट द्रव्यांचा अंश अर्कात उरतो.

उत्तर ४ : राळ-अभ्यासक

दक्षता यांच्या प्रत्येक वाक्याशी मी सहमत आहे. त्यात एवढेच जोडतो की खपल्या हाताळताना नायट्राइलचे हातमोजे घालावेत. प्रोपोलिसमुळे त्वचेला ॲलर्जी होते हे वैद्यकात चांगले माहीत असलेले आहे आणि मधमाशीपालकांमध्ये ती विशेष आढळते. अर्कात तर तेच घटक एकवटलेले असतात. खपल्या गडद रंगाच्या काचेच्या बाटलीत, अंधाऱ्या व थंड जागी ठेवाव्यात.

वापरलेली पीटीएफईची पिशवी किंवा पत्रा आधी थंड करून वाकवावा, उरलेले कण झडू द्यावेत, मग थोड्या अल्कोहोलने भिजवलेल्या मऊ फडक्याने पुसून उघड्या हवेत वाळवावा. तारेची घासणी किंवा सुरीचे पाते त्याला लावू नये. एकदा पृष्ठभागावर ओरखडे उमटले की राळ त्या खाचांत रुतून बसते, आणि असा पत्रा बदललेलाच बरा.