नटाने आईचा हात सोडवून घेतला. चूक कोणाची?

लालबागची लेक

मंडळी, गेले बारा दिवस एक गोष्ट मनात घोळतेय. घरात बोलायची सोय नाही, कारण ती आईबद्दलचीच आहे. म्हणून इथे लिहिते. लांबेल जरा.

आई 78 वर्षांची आहे. लालबागला आमची खानावळ होती. पाटी लावलेली नव्हे. गावाकडून एकटे आलेले गिरणी कामगार महिन्याचे पैसे देऊन दोन वेळा आमच्या खोलीत पाटावर बसून जेवायचे, ती. 1975 साली प्रेमाताई पुरव यांनी गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांचं अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. सावकाराच्या कचाट्यातून सुटून बँकेचं कर्ज ज्या बायकांना मिळालं, त्यांत आई होती. शौक तिला एकच, नाटकाचा. परळचा दामोदर हॉल घरापासून चालत जाण्याइतका जवळ. 2023 साली तो पुनर्बांधणीसाठी बंद झाला तेव्हा आई दोन दिवस गप्प होती. भाकऱ्या उरकून, हाताला कांद्याचा वास असतानाच ती मागच्या रांगेत जाऊन बसायची.

1981 च्या पावसाळ्यात एका रात्री पाणी तुंबलं, गाड्या बंद पडल्या. आमच्या वाडीतला एक जण नाटकाच्या सेटची उचलाउचल करायचा. तो पाच-सहा नाटकवाल्यांना आमच्याकडे जेवायला घेऊन आला. त्यात एक काटकुळा मुलगा होता, नाटकात दोन वाक्यं होती त्याला. आईने बांगड्याचं कालवण केलं होतं. त्याने तीनदा भात घेतला. मी आठ वर्षांची होते, पण तो ताट कसं पुसून खात होता ते अजून डोळ्यांसमोर आहे. पुढे तो एकटाही यायचा. पैसे नसले की आई वहीत लिहायची आणि तो गेल्यावर ओळ खोडायची. जानेवारी 82 मध्ये गिरण्यांचा संप लागला, पाट रिकामे झाले, खानावळ मिटली. तो मुलगा पुढे मोठा झाला. त्याचं नाव तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. मी ते इथे लिहिणार नाही, आणि कृपया कोणी ओळखायला जाऊ नका.

बारा दिवसांपूर्वी सकाळी आम्ही दादरला रानडे रोडवर होतो. एका मेडिकलच्या पायरीवरून तो खाली उतरला. डोक्यावर टोपी, काखेत एक्स-रेचं ते मोठं पाकीट, पुढे एक माणूस गाडीचं दार धरून उभा. मी काही म्हणायच्या आत आईने दोन्ही हातांनी त्याचं मनगट धरलं. म्हणाली, "ओळखलंत का? लालबागची खानावळ. बांगडा." त्याने आईच्या तोंडाकडे बघितलंच नाही, तिच्या हातांकडे बघितलं. "आत्ता नको हो, प्लीज." हात सोडवून घेतला, गाडीत बसला, काच वर गेली. बाजूला एक पोरगा मोबाइलवर शूटिंग करत होता, दोघं-तिघं हसले. आई मला म्हणाली, "चल, शेपू घ्यायचाय."

तेव्हापासून टीव्हीवर तो दिसला की ती चॅनल बदलते. 44 वर्षं ज्याचं कौतुक ऐकत मी वाढले, त्याचं नाव आता घरात निघत नाही.

मला कळत नाहीये की दोष कुणाला देऊ. आईला मी आवरायला हवं होतं का? की ज्याने त्या घरचं अन्न खाल्लंय, त्याने एक मिनिट थांबायला हवं होतं? आणि त्याला पत्र लिहिलं तर बरं दिसेल का?

मैदानी

ताई, वाचून तळपायाची आग मस्तकात गेली. थांबायलाच हवं होतं. मी आडपडदा ठेवणार नाही.

मी अकरा वर्षं कांगा लीग, म्हणजे मुंबईतली क्लब क्रिकेटची स्पर्धा, खेळलो, खालच्या डिव्हिजनला. ही लीग 1948 पासून भर पावसाळ्यात होते. गवत गुडघ्याला लागतं आणि बॉल त्यात हरवतो. आमच्या मैदानावर एकदा समोरच्या टीममधून एक टेस्ट खेळाडू आला होता. बॉल गवतात गेला, तर आमच्यातल्या सोळा वर्षांच्या पोराबरोबर तो वाकून पाच मिनिटं बॉल शोधत होता. लंचला तंबूत माळ्याच्या बायकोने दिलेला चहा बशीत ओतून प्यायला आणि जाताना माळ्याला विचारलं, "यंदा रोलर बदलून मिळाला का?" म्हणजे मागच्या वर्षीची तक्रार त्याच्या ध्यानात होती! मुंबईचा क्रिकेटर असा घडतो, कारण मोठा-छोटा एकाच तंबूत कपडे बदलतो, दुसरी जागाच नसते.

सचिनने स्वतः सांगितलेली गोष्ट बघा. चेन्नईला टेस्टच्या वेळी हॉटेलच्या एका कर्मचाऱ्याने त्याला म्हटलं, तुम्ही कोपराला गार्ड लावता तेव्हा तुमची बॅट वेगळी फिरते. जगातला सगळ्यात मोठा बॅट्समन, पण त्याने ते ऐकून घेतलं, खरं आहे हे मान्य केलं आणि गार्ड बदलून घेतलं. पुढे 2019 च्या डिसेंबरात त्याने ट्विट करून त्या माणसाला शोधायला लोकांची मदत मागितली, आणि तो सापडलासुद्धा. हॉटेलातल्या साध्या कर्मचाऱ्याचं त्याने ऐकलं. तुमच्या आईने तर ह्याला जेवू घातलंय.

सिस्टर

मैदानी काका, तुमचा राग समजतो, पण ताईंनी एक गोष्ट लिहिलीय ती तुम्ही ओलांडून गेलात. त्याच्या काखेत एक्स-रेचं पाकीट होतं.

मी 22 वर्षं रेडिओलॉजीत काम करते. त्या मोठ्या पाकिटात एक्स-रेच असतो असं नाही, सीटी आणि एमआरआयच्या फिल्म्सही त्यातच घालून देतात. एमआरआयला आत नेण्याआधी आम्ही माणसाच्या अंगावरचं सगळं काढून घेतो. घड्याळ, अंगठी, गळ्यातली साखळी, सगळं. मग नाड्यांचा तो गाऊन. नाव असलेला माणूससुद्धा त्या गाऊनमध्ये बाकावर बसून पाय हलवत असतो, आणि बाजूच्या पेशंटचा नातेवाईक त्याही वेळी मोबाइल काढतो. सुई नुकतीच काढलीय, कापसाचा बोळा चिकटवलाय, तरी "एकच फोटो". मी स्वतः दोन वेळा लोकांना हाताला धरून बाहेर काढलंय.

तो हातांकडे बघत होता म्हणता. सलाइनची सुई मनगटाजवळ लावलेली असली तर दोन दिवस तिथे नुसता हात लागला तरी कळ येते. तसंच असेल असं मी म्हणत नाही. मला माहीत नाही, पण तुम्हालाही माहीत नाही.

आईंना माझा नमस्कार सांगा.

जुहू सर्कल

दर्शन आणि भेट यात लोकांची गल्लत होते. आमच्याकडे रविवारी संध्याकाळी अमिताभजींच्या 'जलसा' बंगल्याबाहेर गर्दी जमते, ते बाहेर येतात, हात जोडतात. पायात काही न घालता येतात आणि आपल्यासाठी ही भक्ती आहे असं त्यांनी लिहिलंय. मला त्यात मोठेपणा वाटतो. पण तिथे वेळ त्यांनी ठरवलेली असते. रस्त्यात गाठलेल्या माणसाने काहीच ठरवलेलं नसतं.

कपडेपट

लेकी, मी व्यावसायिक नाटकांचा कपडेपट 26 वर्षं सांभाळला. शिवाजी मंदिर, दीनानाथ, बोरिवलीचं ठाकरे, ठाण्याचं गडकरी, आणि दौरे. आता गुडघे गेले म्हणून घरी आहे. तुझं वाचून रात्री झोप लागेना, म्हणून उठून लिहितेय.

आधी नटांची परीक्षा कुठे होते ते सांगते. फोटो काढू देतो का, हसतो का, त्यावर नाही होत. ती होते ब्लॅकआउटमध्ये. दिवे गेले की विंगेत आमच्याकडे चाळीस सेकंद. साडी सोडायची, दुसरी चढवायची, घामाने ओलं पोलकं काढून दुसऱ्याचे हूक लावायचे. मी दातात सेफ्टी पिन धरून काम करायचे. एकदा हूक अडकला. जी बाई समोर होती तिने माझ्या हातावर फटका मारला आणि प्रवेश घेतला. बाहेर टाळी पडली. पुढे दुसऱ्या नाटकात तसंच झालं, तर ती दुसरी बाई पाठीवरचा उघडा हूक पदराखाली धरून सबंध प्रवेश खेळली. आत आल्यावर म्हणाली, "तुझी चूक नाही गं, मीच घाईत वळले." दोघीही मोठ्या. लोकांना बाहेर दोघीही गोडच वाटायच्या.

तिसऱ्याने मला आठ वर्षं "ए" म्हणून हाक मारली. माझं नाव त्याला माहीत होतं. नाइटच्या, म्हणजे प्रयोगाच्या पैशांच्या पाकिटावर लिहिलेलं असायचं, आणि ते पाकीट तो स्वतः मला द्यायचा.

आता तुझ्या आईचं. राग मानू नकोस, पण "ओळखलंत का?" हा प्रश्न नटाला फार लागतो. रविवारी दोन-दोन प्रयोग, चारचा बोरिवलीला, साडेआठचा ठाण्याला. मधे तोंड पुसायला वेळ नसतो, आणि प्रत्येक प्रयोगानंतर आत माणसांची रांग. आपल्याकडे कोणीही मेकअपरूमपर्यंत येतो. ही आपल्या रंगभूमीची चांगली गोष्ट आहे, ती कधी बंद होऊ नये असं मला वाटतं. पण त्या रांगेत चार तरी जण विचारतात, "ओळखलंत का?" बहुतेक नट "हो, हो" म्हणून खोटं बोलतात. मी एकच ज्येष्ठ नट असा पाहिला की जो खोटं बोलायचा नाही. तोंडावर कोल्ड क्रीम तसंच ठेवून उठायचा, हात जोडायचा आणि म्हणायचा, "नाव सांगा आधी." मग नाव घेऊन बोलायचा. एवढ्याने लोक किती खूश होऊन जायचे!

सहीचा जमाना होता तेव्हा हे आपोआप व्हायचं. वही पुढे केली की तो विचारायचा, "काय नाव?" मग मान खाली घालून ते लिहायचा. तुझं नाव त्याच्या अक्षरात तुझ्या घरी यायचं. आता दोघंही मोबाइलकडे बघतात, एकमेकांकडे कोणीच बघत नाही.

आणि उलटंही असतं. आपण त्यांना त्यांच्या नावाने कुठे बघतो? निळूभाऊ फुले बघ. राष्ट्र सेवा दलात वाढलेला, पुण्यात माळीकाम केलेला, एवढा सरळ माणूस. पण पडद्यावरच्या कामांमुळे बायका त्यांना खरोखर घाबरायच्या. ते त्यांनी आयुष्यभर सोसलं, आणि आपल्या कामाची पावती समजून घेतलं.

तुझ्या आईने मात्र त्याला नट म्हणून धरलंच नव्हतं गं. उपाशी पोर म्हणून धरलं होतं. ते त्याला त्या क्षणी कळलं नसेल.

पत्र लिही. फोन नको, फेसबुक तर नकोच. ते त्याची पोरं-टोरं बघतात.

मैदानी

सिस्टर, पाकिटाचं माझ्या लक्षात आलं नव्हतं, कबूल. तरीही गाडीत बसल्यावर काच खाली करून "मावशी, बरं नाहीये मला" एवढं म्हणता आलं असतं. चार शब्द. माझं मत मी बदललेलं नाही.

कपडेपट ताई, तुमच्या हातावरच्या फटक्याबद्दल वाचून फार वाईट वाटलं.

लालबागची लेक

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. काल रात्री धीर करून आईला सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. ती शेंगा सोलत होती. सिस्टरचा प्रतिसाद आला तेव्हा हात थांबला तिचा. म्हणाली, "हात गार होता गं त्याचा. बर्फासारखा. हाडं लागली माझ्या हाताला."

मी म्हटलं, मग चॅनल का बदलतेस? तर म्हणाली, जुन्या पिक्चरमध्ये तो गुबगुबीत दिसतो, बघवत नाही. बारा दिवस मी समजत होते की तिचा अपमान झालाय. आणि ती बारा दिवस त्याला काय झालं असेल ह्याच विचारात होती. मैदानी काका, तिने तुमचंही ऐकलं. "बरोबर आहे त्यांचं, एक शब्द बोलायला हवा होता," असं म्हणाली. म्हणजे लागलंय तिलाही.

पत्र लिहायला बसलो. मी सुरुवात केली, "आपण ओळखलं नसेल, पण". तिने ते खोडायला लावलं. मग तिने सांगितलं तसं लिहिलं. आधी स्वतःचं पूर्ण नाव, मग वाडीचं नाव, मग "तुमच्या नावावर वहीत काही बाकी नाही." पुढे तब्येतीला पथ्य काय आहे, बांगडा चालतो का, तिखट कमी करून डबा पाठवता येईल. शेवटी "उत्तर नाही आलं तरी चालेल."

कपडेपट मावशी, घरचा पत्ता आमच्याकडे नाही आणि शोधायचाही नाही. नाट्यगृहाच्या पत्त्यावर त्याचं नाव घालून पाठवलं तर पोचेल का?

कपडेपट

पोस्टाने नको, ऑफिसात पडून राहतं. पेपरात त्याच्या नाटकाची जाहिरात बघ, प्रयोगाच्या दिवशी तासभर आधी जा आणि नाटकाच्या व्यवस्थापकाच्या हातात दे. बुकिंगच्या खिडकीशीच उभा असतो तो. पाकिटावर तुझ्या आईचं नाव मोठ्या अक्षरात लिही. प्रयोग रद्द झाल्याची पाटी असेल तर पत्र परत आण आणि मला इथे सांग, मग बघू.