शब्दचर्चा: चौकशी, विचारपूस आणि भोचकपणा

प्रश्न: वरून सगळं ठीक दिसणाऱ्या माणसाच्या मनात काय चाललंय हे जाणून घ्यावंसं वाटणं, आणि त्यात नाक खुपसणं नसून माया असणं, यासाठी नेमका शब्द कोणता? एका लेखात मी ‘सहृदय कुतूहल’ लिहिलंय, पण ते वाचताना अडखळायला होतं.

प्रतिसाद: अडखळणारच, बोलताना असं कुणी म्हणत नाही. शिवाय कुतूहल वस्तूबद्दलही असतं, घड्याळ आतून कसं चालतं याचंही. तुम्हाला हवीय ती ‘विचारपूस’. चौकशी प्रकरणाचीही होते, विचारपूस फक्त माणसाची. ‘गैरव्यवहाराची विचारपूस सुरू आहे’ असं म्हणून बघा, हसू येईल.

प्रतिसाद: विचारपूस म्हणजे विचारणं आणि डोळे पुसणं, किती सुंदर ना!

प्रतिसाद: सुंदर आहे, पण तसं नाही. इथला ‘पुसणे’ म्हणजे विचारणेच. ‘त्याला कोण पुसतो?’ यातला, संस्कृत पृच्छेच्या कुळातला. डोळे पुसण्यातला निराळा, उच्चार तेवढा एक झालाय. एकाच अर्थाचे दोन शब्द जोडायची आपली सवय आहे, कामधंदा, बाजारहाट, तसंच हे.

प्रश्नकर्ती: पण विचारपूस वरवरचीही असते की. तब्येतीची करतात तशी.

प्रतिसाद: म्हणून तर ‘आस्थेने’ जोडतात. आणि आस्था आहे की नाही हे क्रियाविशेषणापेक्षा प्रश्नाच्या घडणीत जास्त कळतं. ‘बरी आहेस ना?’ यातल्या ‘ना’ने उत्तर आधीच ठरवून टाकलंय, समोरची ‘हो’ म्हणते आणि विषय संपतो. ‘एवढं कसलं टेन्शन?’ यातला ‘एवढं’ तर मोजमाप करूनच येतो, म्हणजे त्रास जास्त नाही, तूच जास्त करतेयस. ‘का’ने सुरू होणारा प्रश्न बहुतेक वेळा जाब वाटतो. रोज सगळ्यांबरोबर जेवणारी सहकारी अचानक एकटी बसायला लागली, तर ‘का गं, आमच्यात का येत नाहीस?’ या प्रश्नाला तिला सबबच शोधावी लागेल. ‘हल्ली दमलेली वाटतेस’ एवढंच म्हटलं, तर तिला बोलता येतं, नाहीतर ‘हो, झोप नाही झाली’ म्हणून निसटताही येतं. निसटायची ही वाट ठेवली नाही की माझ्या मते विचारपुशीचा भोचकपणा होतो, हेतू कितीही चांगला असो. (भोचकपणासाठी एका जातीचं नाव लावून ‘-चौकशा’ म्हणायची रीत आहे, ती कृपया लेखात नको.)

प्रतिसाद: करुणेच्या बाजूचे शब्दही तपासून घ्या. ‘कीव’ हल्ली शिवी झालीय, ‘मला तुझी कीव येते’ ऐकून कुणाला बरं वाटेल? दया वरून खाली येते. ‘अनुकंपा’ मुळात दुसऱ्याबरोबर आपणही कंप पावणं, पण आता नोकरीच्या अर्जात अडकलीय. ‘कणव’ आणि ‘कळवळा’ अजून जिवंत आहेत, कारण ते आपोआप येतात. कळवळा ‘दाखवला’ म्हटलं की लगेच खोटा वाटतो.

प्रतिसाद: एम्पथीला ‘समानुभूती’ चालेल का?

प्रतिसाद: पाठ्यपुस्तकात चालेल. इंग्रजीतही तो शब्द जुना नाही, टिचनर या मानसशास्त्रज्ञाने 1909 मध्ये जर्मन शब्दावरून घडवला. पण समान अनुभूती हा दावा मला जरा मोठाच वाटतो. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, म्हणून तर विचारायचं.

प्रश्नकर्ती: ‘आस्थेनं विचारपूस’ ठेवते. आणि ‘छुपा संघर्ष’?

प्रतिसाद: छुपा म्हणजे मुद्दाम लपवलेला, त्यात कटाचा वास येतो. संघर्ष भाषणातला. बोलता येत नसेल तर घुसमट, परिस्थितीने अडवलं असेल तर कुचंबणा, दोन्हीकडून ताण असेल तर ओढाताण, जुनं काही टोचत असेल तर सल. सगळ्यांना मिळून एक शब्द शोधू नका, लेखात ज्या बाईंबद्दल लिहिताय त्यांचं यातलं काय आहे ते बघा.

प्रश्नकर्ती: ते त्यांनाच विचारावं लागेल.